सातव्या नंबरची कॉलर

मला वाचता येतं, हे आमच्या विद्यापीठाच्या प्रेसिडेंटसाहेबांच्या लक्षात नसावं. नाहीतर त्यांनी हे पुस्तक माझ्या घरी पाठवलंच नसतं.

बेथसायदा विद्यापीठाला यंदा चाळीस वर्षं झाली, त्याचं हे पुस्तक. निळा पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. पहिल्या पानावर देणगीदार मिसेस अल्मायरा पेनिमन यांचा फोटो, मानेपर्यंत लेस घातलेल्या. एकोणिसाव्या पानावर मी. फोटो नाही, नुसती दोन वाक्यं. 'पेनिमन लाँड्री विभागातून पहिल्या दहा वर्षांत एकशे चाळीस मुली धुण्याच्या व इस्त्रीच्या कामात निष्णात होऊन बाहेर पडल्या. या विभागाच्या पहिल्या प्राध्यापिका मिसेस ड्रुसिला पीक.'

निष्णात! अहो, त्या एकशे चाळीस जणींतल्या एकीला जरी रुमालाची धड घडी घालता येत असेल ना, तर मी उद्यापासून चर्चमध्ये तोंड दाखवणार नाही. मीच तर शिकवलंय त्यांना. मला नाही कळणार?

आणि 'मिसेस' म्हणे! ज्या वर्षी मला नेमलं, त्या वर्षीचं माहितीपत्रक अजून माझ्या ट्रंकेत आहे. त्यात लिहिलंय, 'मिस ट्रूस्डेल, भूमिती. मावशी ड्रू, धुलाई.' गोरी माणसं आम्हा काळ्या बायकांना मिसेस म्हणत नसत, मावशी म्हणत. नातं जोडायला नव्हे बरं का. त्यांच्या आयांच्या बहिणी वेगळ्या होत्या.

आता उद्याच्या समारंभात मी मंचावर बसायचं आहे आणि 'श्रमाची प्रतिष्ठा' या विषयावर दोन शब्द बोलायचे आहेत. बोलेन की. पण आधी इथे, घरच्या घरी, खरं काय ते बोलून घेते. मंचावर तेवढा वेळ देतील असं वाटत नाही.

मी धुणी धुणारी बाई. गुलामीत होते तेव्हा कर्नल रेनींच्या मळ्यावर धुतलं, सुटका झाल्यावर हॅरोज फेरी गावात कर्नलच्या विधवेकडे धुतलं. कपडे तेच, डाग तेच, फक्त आता त्या मला "जरा बघ हं" म्हणायच्या. केझाया माझी एकुलती एक. तिचा बाप ईशम उत्तर-दक्षिण युद्धाच्या धामधुमीत गेला तो गेलाच. ती तीन महिन्यांची होती तेव्हा टबाशेजारी टोपलीत झोपायची आणि उकळतं साबणाचं पाणी तिच्या पायावर उडालं. आजही डाग आहे. त्या दिवशी मी देवाला सांगितलं, ही पोर पुन्हा टबाजवळ यायची नाही. तू तुझं बघ, मी माझं बघते.

आणि पाळलं मी ते. शेजारणी म्हणायच्या, "अगं ड्रुसिला, मुलीच्या जातीला काही शिकवशील की नाही?" मी म्हणायचे, "शाळेत जाते ना ती." अख्ख्या जिल्ह्यात माझ्या हातची इस्त्री प्रसिद्ध, आणि माझ्या मुलीने इस्त्री कुठल्या बाजूने धरायची हेसुद्धा पाहिलेलं नव्हतं. मला त्याचा कोण अभिमान! आता म्हणते, अभिमान ठीक होता, पण तो दोन-चार लोकांना वेळेवर सांगून ठेवायला हवा होता.

बेथसायदा तेव्हा नुसती शाळा होती, म्हणजे नदीकाठचं कापसाचं जुनं गोदाम. वर्गात बसून उठलं की अंगाला कापूस. मुख्याध्यापक रेव्हरंड क्रेन, उत्तरेतल्या व्हर्मांटहून आलेले. भला माणूस, पण भित्रा. घसा खाकरल्याशिवाय दारसुद्धा उघडायचे नाहीत. भूमिती शिकवायला मिस ट्रूस्डेल. ती इतकी बारीक की गावातल्या बायका आळीपाळीने तिला मक्याची भाकर आणि काकवी नेऊन द्यायच्या, नाहीतर आमची शिक्षिका वाऱ्याने उडायची. वरच्या वर्गात बारा मुली. दोन वर्षांनी त्यांना शिक्षिकेचं प्रमाणपत्र मिळणार होतं. केझाया त्यांतली पहिली. मी म्हणते म्हणून नव्हे, मिस ट्रूस्डेल म्हणायची.

पण तो वरचा वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा, हे उत्तरेतल्या मंडळींच्या हातात होतं. शाळेचा खर्च ते करायचे. आणि इकडे कर्नलची विधवा मला म्हणून मोकळी झाली होती, "ड्रू, तुझी पोरगी आता हाताशी आली असेल. झाली तेवढी शाळा पुरे. वर्ग बंद झाला की सोमवारपासून पाठव तिला." जणू वर्ग बंद झालाच! सोमवार म्हणजे धुण्याचा वार. मी "बघते" म्हटलं आणि घरी येऊन रडले.

अठराशे एकोणऐंशी साली मिसेस पेनिमन पाहणीला यायच्या ठरल्या. त्यांचे दिवंगत यजमान साबणाचे कारखानदार. बाई म्हणतील तसं उत्तरेतली बाकी मंडळी करायची. बाईंनी मान हलवली तर वर्ग राहणार, नाहीतर माझी केझाया सोमवारी टबाशी.

रेव्हरंड आदल्या आठवड्यात माझ्याकडे आले, खाकरले आणि म्हणाले, "मावशी, मागच्या पाहुण्यांना आपल्या मुलांनी ग्रीक वाचून दाखवलं होतं. ते नाराज होऊन गेले. म्हणाले, एवढं शिकून ही मुलं करणार काय? तेव्हा यंदा भूमिती नको. प्रत्येक मुलीच्या हातात काहीतरी काम दिसलं पाहिजे. केझायाला मी इस्त्री दिली आहे. तुमचीच मुलगी, तिच्या रक्तातच असणार!"

तिथे मी तोंड उघडायला हवं होतं. 'साहेब, तिला येत नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण जिल्ह्यात नाव असलेल्या बाईने असं कसं म्हणायचं? आणि मनात आलं, जी पोरगी त्रिकोण सिद्ध करते तिला एक सपाट कापड जमणार नाही? मी म्हटलं, "हो हो, करेल की."

आदल्या दिवशी तिला शिकवायला बसले. देवा रे! तीन उशांचे अभ्रे गेले. केझाया म्हणे, "आई, इस्त्री किती तापली हे तू कशावरून ओळखतेस?"

"गालाजवळ धरून."

"म्हणजे किती?"

"किती म्हणजे? गालाला कळतं!"

"हे काही उत्तर झालं नाही," ती म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहायला लागली. मी कपाळावर हात मारला. शेवटी आम्ही ठरवलं की मी आधीच इस्त्री करून ठेवलेला कपडा टेबलावर ठेवायचा आणि तिने त्यावरून थंड इस्त्री नुसती फिरवायची. मी मागे चुलीपाशी उभी राहणार.

मिसेस पेनिमन आल्या. उंच, काळ्या रेशमात, बारीक डोळे. एक मुलगा खिळे ठोकत होता, दोन मुली झाडू बांधत होत्या, त्या सगळ्यांकडे बघून बाई "छान, छान" करत केझायापाशी आल्या. थंड इस्त्री फिरत होती. बाईंनी कपड्याला बोट लावलं. साबणवाल्याची बायको ती! "हा तर आधीच झालेला आहे," म्हणाल्या आणि गळ्याची लेसची सुटी कॉलर काढून पुढे केली. "प्रवासात चुरगळली. ही कर पाहू."

केझायाने माझ्याकडे पाहिलं. मी काही करायच्या आत तिने चुलीवरची गरम इस्त्री उचलली. गालाजवळ धरली, अगदी माझ्यासारखी. मला बरं वाटलं. कॉलरवर ठेवली आणि तेवढ्यात बाईंनी मायेने विचारलं, "काम करताना तुझ्या मनात कसले विचार येतात गं बाळ?"

आता माझी मुलगी खोटं बोलत नाही. ती म्हणाली, "समद्विभुज त्रिकोणाचे, मॅडम. त्याचे पायालगतचे दोन कोन सारखे का असतात, त्याचे." आणि लागली की सांगायला! एक हात हवेत, बोटाने रेषा काढतेय, दुसरा हात इस्त्रीवर, आणि इस्त्री जागच्या जागी. मी मागून खोकले. रेव्हरंड खाकरले. ती कशाला ऐकतेय! धूर यायला लागला. "म्हणून हे दोन कोन समान, हेच सिद्ध करायचं होतं," असं म्हणून तिने हात उचलला तेव्हा कॉलरच्या मधोमध इस्त्रीच्या आकाराचं तपकिरी भोक होतं.

पुढे मिस ट्रूस्डेल मला म्हणाली की सिद्धता एका शब्दाचीही चूक न करता झाली. असेल. पण ती ऐकली तिने एकटीनेच. बाकी सगळे कॉलरकडे बघत होते.

मला वाटलं, संपलं. पण मिसेस पेनिमन रागावल्या नाहीत. त्यांचे डोळे पाणावले. त्या रेव्हरंडना म्हणाल्या, "बघितलंत? या बिचाऱ्या मुलींना कसली गरज आहे ते आज मला दिसलं." आणि जाताना निर्णय सांगून गेल्या. यजमानांच्या नावाने विटांची लाँड्री बांधून देणार, बारा टब, बारा इस्त्र्या, दरवर्षी दहा पिंपं पेनिमन साबण. वरचा वर्ग खुशाल चालवा, पण भूमितीचे दुपारचे तीन तास आता लाँड्रीत. आणि शिकवायला एखादी चांगली धुणारी बाई बघा.

रेव्हरंडनी माझ्याकडे बोट दाखवलं. अशी मी प्राध्यापिका झाले. बेथसायदात आमच्या माणसांपैकी पहिली! जी मुलगी टबाजवळ येऊ नये म्हणून मी अठरा वर्षं जिवाचं रान केलं, तिला टबावर उभी करायचं काम मला मिळालं, आणि लोक चर्चमध्ये माझं अभिनंदन करत होते.

लाँड्री उभी राहिली. पहिल्या दुपारी बारा पोरी बाह्या वर करून ओळीत उभ्या, केझाया शेवटची, मान खाली. मी एकेकीचे हात बघितले. शाईचे डाग. मग माझे बघितले. आणि मला असा संताप आला की काय सांगू! मी तशीच तरातरा मिस ट्रूस्डेलच्या खोलीवर गेले.

"मिस, तुमचे तीन तास गेले ना?"

"गेले, मावशी." तिचं नाक लाल झालेलं.

"ते लाँड्रीत गेलेत. आणि लाँड्री माझी आहे. तुमच्या भूमितीला खुर्ची लागते का, की उभ्याने होते?"

तिने डोळे पुसले. मग खडूचा डबा घेऊन माझ्यामागून जवळजवळ धावत आली.

तेव्हापासून आमची सोय अशी. इस्त्रीच्या लांब टेबलावरची घोंगडी गुंडाळून ठेवायची, खाली काळपट फळ्या, त्यांवर खडूने त्रिकोण. मुली टब पालथे घालून बसायच्या. आणि सगळ्या शाळेचं धुणं मी एकटी धुवायचे. बारा जणींचं काम. चादरी, शर्ट, रेव्हरंडच्या सदऱ्यांची पुढची पट्टी, सगळं. पाहुणे आले की रेव्हरंड दाराबाहेर मोठ्याने खाकरायचे, घोंगडी पसरली जायची, मुली हात पाण्यात बुडवायच्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. माणूस भित्रा असला तरी खोकला फार प्रामाणिक. पेनिमन साबणाने मात्र कपड्यांचा रंगच जायचा, म्हणून त्याने मी जमीन धुवायचे आणि कपड्यांना माझा राखेच्या पाण्याचा साबण वापरायचे.

टबाशी उभी राहून मी सगळं ऐकायचे. अक्षरंही तिथेच शिकले, काचेवर वाफ धरली की केझाया बोटाने काढून दाखवायची. शंभर चादरी पिळता पिळता मला त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज पाठ झाली. कुठे वापरली नाही अजून, पण येते.

घोटाळा कॉलरींनी केला. मिसेस पेनिमनची अट होती की दर सहा महिन्यांनी प्रत्येक मुलीने धुऊन, खळ घालून इस्त्री केलेली एक कॉलर उत्तरेला पाठवायची, म्हणजे त्यांना प्रगती दिसेल. कॉलरीवर नाव नको, नंबर घाला. आमची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. एक ते बारा. केझायाचा नंबर सात.

आता बाराही कॉलरी मीच करणार. पण सगळ्या एका हाताच्या दिसल्या तर पकडले जाऊ, म्हणून प्रत्येकीत वेगळी खोड घालायची. एकीत खळ जास्त, एकीत नीळ कमी, चौथीची टोकं आळशासारखी वळलेली. तुम्हाला सांगते, चाळिशीला आलेल्या हाताला चांगलं काम सोपं असतं. वाईट करायचं म्हणजे नाकी नऊ येतात! सहा महिन्यांनी पत्र यायचं. 'नंबर चारची मुलगी आळशी दिसते, तिला रागवावे. नंबर नऊमध्ये नम्रता आहे.' रेव्हरंड मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मुली हसून लोळायच्या. मी दोनदा आळशी ठरले आणि एकदा नम्र.

पण सातवी कॉलर हातात आली की माझं काहीतरी बिनसायचं. ती माझ्या केझायाच्या नावाची होती ना. ती वाईट कशी करू? खोटी का होईना, माझ्या मुलीच्या नावावर गचाळ कॉलर उत्तरेला जाणार? हात ऐकेचना. सातवी मी अशी करायचे की लग्नाच्या दिवशी बिशपने घालावी.

प्रमाणपत्राला चार महिने उरले होते तेव्हा ते पत्र आलं. रेव्हरंड या वेळी खाकरलेसुद्धा नाहीत, तेव्हाच मला भीती वाटली. मिसेस पेनिमननी लिहिलं होतं की नंबर सातच्या मुलीच्या हातात उपजत देणगी आहे. अशी मुलगी शाळेत वाया जाऊ नये. त्या तिला हार्टफर्डला स्वतःच्या घरी ठेवून घेणार, कायमची, खास कपड्यांसाठी. एक शेवटची कॉलर घरच्या हाउसकीपरला दाखवायला पाठवा, ती पसंत पडली की लगेच रेल्वेचं तिकीट पाठवते.

"नाही म्हणा," मी म्हटलं.

"कसं म्हणू, मावशी?" रेव्हरंडचा चेहरा पांढऱ्याचा आणखी पांढरा झाला होता. "त्यांना नाही म्हटलं तर लाँड्री जाईल, वरचा वर्ग जाईल. बाराही मुलींची प्रमाणपत्रं जातील."

केझाया पत्र हातात घेऊन उभी होती. दोनदा वाचलं तिने. मग माझ्याकडे वळली. "आई, तुला कोणी सांगितलं होतं एवढी चांगली इस्त्री करायला?"

दुसरी कोणी बाई असती तर पोरीला बदडलं असतं, पण मीच गुन्हेगार. कर्नलच्या विधवेला दोन वर्षं टोलवलं, आणि माझ्याच हातच्या घडीने माझी पोर पार हार्टफर्डच्या टबाशी नेऊन ठेवली होती.

घरी जाऊन मी शेवटची कॉलर बिघडवायला बसले. खळ गुठळ्यांची केली. तिरकी ओढली. तरी कडा बघावी तर सरळ! पुन्हा पाण्यात घातली, पुन्हा बिघडवली. साबणवाल्या घरातली हाउसकीपर ती, तिला कळल्याशिवाय राहणार नाही की ही कोणीतरी मुद्दाम बिघडवलेली आहे. मग मागच्याही सगळ्या काढून बघतील. मी ती कॉलर टेबलावर टाकली आणि ढसाढसा रडले. खोटं नाही सांगत, आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या हातांचा राग आला.

केझायाने वही मिटली. "आण इकडे," ती म्हणाली.

"तू नको. तू हात लावायचा नाहीस, मी शब्द दिलाय."

"कोणाला?"

"देवाला!"

"त्याला मी समजावेन. उठ तू. आणि बघू नकोस."

मी भिंतीकडे तोंड करून बसले. मागे पाण्याचा आवाज, मग इस्त्री आपटल्याचा, मग "आई गं!" मी ताडकन वळणार तर ती ओरडली, "बघू नकोस म्हटलं ना!" बोट भाजलं होतं तिचं. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलंच. पण सांगते तुम्हाला, ती मन लावून करत होती. मुद्दाम वाईट करत नव्हती. जीभ बाहेर काढून, जमेल तितकी चांगली करत होती.

झाली तेव्हा बघितली. देवा! बैलाने चघळून टाकल्यासारखी. निळीचे ठिपके, खळीचे फोड, एक टोक वर, एक टोक कुठे ते शोधावं लागत होतं. असं काम मला शंभर वर्षांत जमलं नसतं. दोन वर्षांत बेथसायदाहून उत्तरेला गेलेलं ते एकमेव प्रामाणिक काम.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी किती चादरी धुतल्या देव जाणे, मला एकही आठवत नाही. रेव्हरंड आले, दारातूनच भरपूर खाकरले, आणि मी तिथेच टबाच्या काठावर बसले. पत्र लहान होतं. 'नंबर सातबद्दल माझी घोर निराशा झाली. कौतुकाने तिचं डोकं फिरलेलं दिसतं. अशी मुलगी घरकामाच्या काहीही उपयोगाची नाही. तिला शिक्षिका वगैरे करून टाका.'

शिक्षिका वगैरे! ते 'वगैरे' आम्ही वर्षभर पुरवून पुरवून हसलो.

प्रमाणपत्रावर लाँड्रीच्या प्राध्यापिकेचीही सही लागायची. तोवर मी नावापुढे फुली मारायचे. त्या दिवशी मी पूर्ण नाव लिहिलं, आणि त्याच्याआधी 'मिसेस' लिहिलं. दुसरं कोणी लिहील याची वाट बघायला मला वेळ नव्हता. लिहून झाल्यावर रेव्हरंडनी शाई टिपली आणि म्हणाले, "अभिनंदन, मिसेस पीक." भला माणूस. आयुष्यात दुसऱ्यांदाच खाकरल्याशिवाय बोलला.

केझाया आज याच विद्यापीठात तीस वर्षं गणित शिकवते आहे. बाकीच्या अकरा जणींनीही कुठे कुठे शाळा काढल्या. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आता डॉक्टर आहेत, वकील आहेत, आमचे प्रेसिडेंटसाहेब त्यांच्यापैकीच एक. नंबर चारचे विद्यार्थी ते. आणि यांतल्या कोणालाही कपडे धुता येत नाहीत. हे पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही.

आज दुपारी मी उद्यासाठी पांढरी कॉलर काढली. पण माझी बोटं आता वळत नाहीत. सांधे अक्रोडासारखे झालेत, इस्त्रीचा दांडा मुठीत मावत नाही. बारा जणींचं धुणं दहा वर्षं, कुठेतरी निघणारच. मी खटपट करत होते तेवढ्यात केझाया आली. पन्नाशीची बाई, चष्मा, केस पांढरे. माझ्या हातातून इस्त्री काढून घेतली.

"तू नको," मी म्हटलं.

"आई, बस."

मी बसले. तिने इस्त्री गालाजवळ धरली. मग माझ्या हातांकडे बघितलं, बघतच राहिली, डोळे भरून आले तिचे, आणि इस्त्री कॉलरवर जागच्या जागी. मी ओरडले तोवर धूर. बरोबर मधोमध, तपकिरी, इस्त्रीच्या टोकाचा डाग.

"देवा, आई! थांब, मी दुकानातून नवी आणते."

"काही नको. आण इकडे."

"अगं, मंचावर बसायचंय तुला. सगळं विद्यापीठ बघेल!"

"म्हणून तर," मी म्हटलं आणि आरशासमोर घालून बघितली. डाग अगदी हनुवटीखाली येतो, पहिल्या रांगेतून छान दिसेल. प्रेसिडेंटसाहेब विचारतील, "मिसेस पीक, हे काय झालं?" मी सांगणार आहे, "हे माझ्या विभागाचं काम आहे, साहेब. माझ्या सगळ्यात हुशार विद्यार्थिनीच्या हातचं." मग श्रमाच्या प्रतिष्ठेवर जे दोन शब्द बोलायचे आहेत ते बोलेन आणि खाली बसेन.